कोरणाऱ्याचंही नाव कोरा

आंबेगाव तालुक्यातल्या एका देवळाच्या कलशारोहणाला प्रमुख पाहुण्यांनी कारागिरांवर सुंदर भाषण केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: शेजारच्या जुन्नरच्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी लेणी कोरली त्यांनी कुठेही स्वतःचं नाव लिहिलं नाही. नावाची आणि पैशाची त्यांना हाव नव्हती. प्रेरणा ईश्वराची होती आणि मोबदला आत्मसमाधानाचा. आजच्या पाथरवटांनी हाच आदर्श समोर ठेवावा. मंडपात टाळ्या पडल्या. भाषण करणाऱ्यांच्या मनात आमच्याबद्दल आदरच होता, याबद्दल मला शंका नाही. पण मी पाथरवटाच्या घरातला आहे, वडिलांच्या हाताखाली टाकी धरायला शिकलो, आजही देवळांचं कोरीवकाम आणि मूर्ती यांवरच माझं घर चालतं. हे भाषण मी वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याला उत्तर दिलंच पाहिजे. कारण हा गौरव ऐकायला गोड असला तरी त्यातून निघणारा हिशेब आमच्या पोटावर येतो.

आधी नावाचं बघू. जुन्या कारागिरांनी नावं लिहिली नाहीत, हे मुळातच खरं नाही. कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याला कोंडाण्याची लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूला एका भंगलेल्या यक्षमूर्तीजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. बलकाने स्वतःच्या आधी गुरूचं नाव घातलं, मग आपलं. आपण कोणाच्या हाताखाली शिकलो हे सांगण्याची त्याला असोशी होती. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला डोक्यावर टोपली घेतलेला एक ठेंगणा, हसरा यक्ष सापडला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर तो कण्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचं कोरलेलं आहे. सोनार दगड कोरतो, आणि आपण सोनार आहोत हेही सांगतो. कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा, आपण वढकी म्हणजे सुतार असल्याचं सांगून दाराचं काम आपण केलं असं नोंदवतो. कर्नाटकात होयसळांच्या काळात तर मल्लितम्म, दासोज यांच्यासारख्या शिल्पकारांनी आपल्या शिल्पांखाली सह्याच केल्या आहेत. मल्लितम्माचं नाव एकाहून अधिक देवळांत सापडतं. ही माणसं कमी भक्तिवान होती, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

आता जुन्नरकडे या. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री आणि तुळजा लेणी यांच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. त्यांतल्या शिलालेखांत नावांची वाण नाही. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे परदेशी माणसाने, पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे दगडात कोरलेले हौद, दिल्या. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. मानमोडीच्या भूत लेण्यावर जिथे कमळाच्या पाकळ्यांत लक्ष्मी उभी आहे, ते दर्शनी दालन चंद नावाच्या यवनाचं दान आहे. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिलं. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दिली. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने लेखातल्या कालगणनेच्या 46 व्या वर्षी मंडप आणि पोढी दिली. दूर गावचे व्यापारी, परदेशी, सरकारी अधिकारी, सगळ्यांची नावं आहेत. नावच नव्हे, तर बापाचं नाव, गाव, धंदा, गोत्र, काय दिलं, कुणाला दिलं, सगळं आहे.

ही अक्षरं कोणी कोरली? त्याच माणसांनी, ज्यांनी भिंती कोरल्या. कुणी कोळशाने किंवा गेरूने आखून दिली असतील, पण त्यांवर टाकी चालवणारा हात पाथरवटाचा होता. चंदाचं नाव कोरून झाल्यावर टाकी हातातच होती, अक्षराचं वळण नुकतंच हाताला बसलेलं होतं. तिथे आणखी एक नाव कोरायला अर्धा दिवसही लागला नसता. ते कोरलं गेलं नाही, कारण भिंतीवर कुणाचं नाव यायचं हे ठरवण्याचा हक्क पाथरवटाकडे नव्हता. त्याला आपण वैराग्य म्हणतो. ज्याला कुणी विचारलंच नाही, त्याने नकार दिला असं म्हणणं हा अन्याय आहे.

नाणेघाटात हे अधिकच उघड दिसतं. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या त्या घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. कोणता यज्ञ केला, किती गाई दिल्या, किती घोडे, किती हत्ती, किती हजार कार्षापण नाणी, याची त्यात तपशीलवार जंत्री आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती केव्हाच नाहीशा झाल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. त्यांच्या डोक्यावर कोरलेली नावं मात्र अजून वाचता येतात. दक्षिणेचा आकडा भिंतीवर आहे. भिंत कोरणाऱ्याच्या मजुरीचा आकडा नाही.

ही सवय दोन हजार वर्षांत मोडली नाही. सह्याद्रीतलं कुठलंही जुनं, चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं देऊळ आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री, मोठा विद्वान. पण त्याच्या जन्माआधी बांधलेली देवळंही त्याच्याच नावावर जमा झाली. चावंडजवळच्या कुकडेश्वराच्या किंवा खिरेश्वरच्या नागेश्वराच्या दगडांवर ज्यांनी बोटं झिजवली, त्यांच्या शैलीला नाव पडलं ते मंत्र्याचं.

रायगडाचा दाखला हमखास दिला जातो. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव आहे. महाराजांच्या पायाची धूळ लागावी म्हणून पायरी मागितली, केवढी नम्रता, असं सांगतात. नम्रता मी मान्य करतो. पण हिरोजींनी नाव कोरलं, हेही मान्य करा. आपण काय बांधलं ते शिलालेखात लिहिलं आणि चिरेबंदी पायरीवर आपलं नाव ठेवलं. मोठ्या मनाच्या माणसालाही आपल्या कामावर आपलं नाव असावं असं वाटतं, आणि त्याने त्याच्या भक्तीला बाधा येत नाही. रायगडाची पायरी हा आमच्या बाजूचा पुरावा आहे.

आता प्रेरणेबद्दल. प्रेरणा आकाशातून पडते, देव स्वप्नात येऊन मूर्ती दाखवतो, असं लोकांना वाटतं. कुठल्याही लेण्यासमोर उभं राहिलं की कुणीतरी सांगतंच की हे पांडवांनी एका रात्रीत कोरलं. असं म्हटलं की तिथे वर्षानुवर्षं पडलेल्या घामाचा विचार करावा लागत नाही. प्रेरणेचा माझा अनुभव वेगळा आहे, आणि ती कशी येते याची खूण जुन्नरच्या डोंगरातच आहे.

लेण्याद्रीच्या चैत्यगृहात जा आणि मान वर करा. छताला दगडाच्या कमानदार फासळ्या आहेत. त्यांच्यावर कशाचाच भार नाही. सगळं छत डोंगराचंच आहे, फासळी काढून टाकली तरी काही कोसळणार नाही. मग त्या कशासाठी कोरल्या? कारण ज्या हातांनी हे काम केलं, त्यांनी आधी लाकडी छपरं पाहिली होती, काहींनी बांधलीही असतील. कार्ल्याला तर दगडी छताखाली खऱ्या सागवानी फासळ्या आजही आहेत. हाताला जे ठाऊक होतं ते नव्या दगडात उतरलं. प्रेरणा अशी एका हातातून दुसऱ्या हातात आणि एका मालातून दुसऱ्या मालात जाते.

मग एखादा जण जरा पुढे जातो. पाडळीजवळच्या तुळजा लेण्यात कुणीतरी चैत्यगृह गोल आखलं. मधोमध स्तूप, त्याच्याभोवती बारा अष्टकोनी खांबांचं कडं, वर घुमटासारखं छत. पश्चिम भारताच्या लेण्यांत असं क्वचितच दिसतं. लांबट चैत्य कोरणं ठरलेलं होतं, ते कसं करायचं हे सगळ्यांना माहीत होतं. गोल आखायचं म्हणजे डोंगराच्या पोटात मध्यबिंदू धरायचा, दोरी फिरवायची, आणि जिथून दगड काढला तिथे तो परत बसवता येणार नाही हे जाणून प्रत्येक घाव घालायचा. हा धाडसी निर्णय दान देणाऱ्याने घेतला असेल असं मला वाटत नाही. तो आखणी करणाऱ्या कारागिराचा असणार. या निर्णयासाठी मी त्या माणसाला नमस्कार करतो, त्याचं नाव माहीत नसूनही.

आमच्या काळ्या पाषाणात काम करणाऱ्याला डोळ्याआधी कान वापरावा लागतो. शिळा आली की तिच्यावर हातोडीचा हलका ठोका देत फिरायचं. खणखणीत नाद आला तर दगड एकसंध. आवाज बद आला तर आत कुठेतरी चीर आहे, आज नाही तर मूर्तीचा हात कोरताना ती उघडी पडेल. मग पाणी मारून बघायचं, चिरेची रेघ उशिरा वाळते. त्यानंतर शिळेचं पोट कुठे, पाठ कुठे, हे ठरवायचं. नंदी करताना शिंगं आणि कान सर्वांत धोक्याचे. कानाच्या मागची जागा पोखरताना टाकी आडवी धरावी लागते आणि घाव इतका हलका की टवका उडण्याऐवजी नुसती भुकटी पडावी. वडील म्हणायचे, तिथे हात मारायचा नाही, हात ठेवायचा. गळ्यातली घुंगरमाळ करताना एकेक घुंगरू गोल होत येतं, आणि एका क्षणी त्यांच्या मधल्या सावलीने माळ दगडापासून सुटल्यासारखी दिसते. तेव्हा जो आनंद होतो तो खरा आहे. मी तो नाकारत नाही. तो नसता तर मी हा धंदा कधीच सोडला असता, आणि जुन्नरचे डोंगर कोरले गेले नसते.

पण हा आनंद माझा आहे. तो मला दगडाने आणि वडिलांनी दिला. काम सांगणाऱ्याने तो दिलेला नाही, म्हणून तो मजुरीत वळता करून घेण्याचा त्याला अधिकार नाही. डॉक्टरला रुग्ण बरा झाल्याचा आनंद होतो, म्हणून कुणी त्याची फी कापत नाही. वकील खटला जिंकून सुखावतो, तरी बिल देतोच. आमच्याकडे आलं की मात्र देवाचं काम आहे, थोडं सोडा, अशी भाषा सुरू होते. एका देवस्थानाचं काम मी केलं तेव्हा शेवटचा हप्ता असाच राहिला. देवाला दिलं समजा, असं मला सांगितलं गेलं. सिमेंटवाल्याला, वाळूवाल्याला, मंडपवाल्याला कुणी तसं सांगितलं नाही. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली, त्यानंतर गाभाऱ्यात जायला मला उंबऱ्याबाहेर थांबून परवानगी विचारावी लागली. सभामंडपातल्या संगमरवरी फलकावर देणगीदारांची नावं रकमेच्या उतरत्या क्रमाने आहेत, ठेकेदाराचं नाव आहे. मूर्ती कोणी केली, ते नाही.

पैसा आला की कला जाते, असंही त्या भाषणात होतं. जुन्नरचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. नाणेघाटातून माल चढत-उतरत होता, कल्याणच्या बंदरातून व्यापार होत होता, म्हणून या डोंगरांत लेणी झाली. कासार, बुरूड यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याच्या नोंदी इथल्याच शिलालेखांत आहेत. ज्या गावात पैसा फिरत होता तिथे पाथरवटांच्या पिढ्यांना सतत काम मिळालं, हात सुधारत गेले, आणि एके दिवशी कुणीतरी गोल चैत्य आखण्याची हिंमत केली. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्याचं दालन बघा, जिथे आज गिरिजात्मज गणपती आहे. तिन्ही बाजूंना मिळून 20 खोल्या आणि मध्ये एकही खांब नसलेलं भलंमोठं सपाट छत. एवढा मोठा गाळा खांबाशिवाय तोलण्याचा विश्वास एका आयुष्यात येत नाही. तो पिढ्यानपिढ्या काम मिळाल्यावर येतो, आणि काम मिळणं म्हणजे मजुरी मिळणं.

आमची मजुरी कशी आटत गेली हे मी घरात बघितलं आहे. वडील उन्हाळ्यात घोडनदीच्या काठच्या गावांतून फिरायचे. पाट्याला, जात्याला टाकी लावायची, नवा पाटा-वरवंटा विकायचा, उखळ घडवायचं, त्यावर वर्षाचं मीठ-मिरची निघायची. आधी पिठाची गिरणी आली, मग मिक्सर. त्याला कुणाचा दोष नाही, बायकांचे हात सुटले, बरं झालं. पण देवळांचं काम तरी राहील असं वाटत होतं, तर तिथे सिमेंटचे साचे आणि फायबर आलं. महाराजांचा पुतळा हवा, तोही साच्यातला आणि पंधरवड्यात. जुन्या देवळांच्या दगडी खांबांवर ऑइलपेंटचे थर चढले, कीर्तिमुखांचे डोळे रंगाखाली बुजले, भिंतींना फरशा बसल्या. जुन्नर-आंबेगावातल्या कित्येक गावांत जीर्णोद्धाराच्या नावाखाली हे झालं आहे. जे कोरीवकाम आम्ही आज ठरवूनही परत करू शकणार नाही, ते आम्हीच झाकलं.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यांत मूर्तिकार आणि दगड कोरणारे आहेत. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपये, आणि 5 टक्के व्याजाने 3 लाखांपर्यंत कर्ज. अवजारं मिळाली तर घेऊच. पण कर्ज फेडायला काम लागतं, आणि काम देणारे गावच्या समितीत बसतात, दिल्लीत नाही.

आणखी एक गोष्ट आत्मसमाधानाच्या भाषणात कधीच येत नाही, ती म्हणजे शरीर. टाकीच्या हादऱ्याने पन्नाशीत बोटं बधिर होतात, गार पाण्यात हात घातला की कळत नाही. आता ग्राइंडर आणि कटर आले, त्यांनी काम लवकर होतं, पण धुळीचा लोट उठतो. राजस्थानात सिरोही जिल्ह्यातल्या पिंडवाड्याला देशभरच्या मंदिरांचे वालुकाश्म कोरले जातात. तिथल्या कारागिरांना सिलिकोसिसने गाठलं, फुप्फुसं दगडाच्या धुळीने निकामी झाली. राजस्थान सरकारला 2019 मध्ये या आजारासाठी स्वतंत्र धोरण करावं लागलं. आमच्या काळ्या पाषाणात ती सिलिका फार नसते हे आमचं नशीब. पण आता बाहेरचे वालुकाश्म आणि ग्रॅनाइट आमच्या पोरांच्याही हाताखाली येतात, आणि तोंडाला बांधायला बहुतेकांकडे पंचाच असतो. सुंदर तोरणाखालून आत जाताना ते कोरणाऱ्याची छाती कशी आहे, हे विचारणारा भक्त मला अजून भेटलेला नाही.

त्यामुळे आमच्या त्यागाचं कौतुक थांबवा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे लहानपणापासून शिकवलं जातं, आणि ते दगडाबद्दल खरंच आहे. घाव घालणाऱ्याने मात्र देव व्हायचं नाही. त्याला माणूस म्हणून जगायचं आहे, पोराची फी भरायची आहे, पावसाळ्याचे चार महिने काढायचे आहेत. माझा मुलगा कोरीवकामात हुशार आहे. तो या धंद्यात राहावा असं मला मनापासून वाटतं. समाधान मिळेल एवढ्यावर त्याला थांबवण्याचं धाडस मला होत नाही.

जुन्नर आणि आंबेगावातल्या ज्या गावांत आज जीर्णोद्धाराची वर्गणी निघते आहे, त्या समित्यांना माझं सांगणं आहे. जुन्या दगडाला रंग लावू नका, लावला असेल तर जाणकाराकडून काढून घ्या. ज्याला काम द्याल त्याच्याशी लेखी ठरवा, टप्प्याटप्प्याने पैसे द्या, धूळ उडणारं काम असेल तर चांगल्या मास्कचा खर्च अंदाजपत्रकात धरा. आणि देणगीदारांच्या फलकावर शेवटी एक ओळ राखून ठेवा: कोरणाऱ्याचं नाव, त्याचं गाव, त्याच्या गुरूचं नाव आणि साल. तेवढी ओळ आम्ही फुकट कोरून देऊ. शेवटचा हप्ता मात्र कलश चढण्याआधी हातात द्या.